न्यायमूर्ती लेम्युएल शॉ

सेनापतीच्या चरित्राला रणांगणाची पार्श्वभूमी लाभते, मुत्सद्द्याच्या चरित्राला दरबाराची. न्यायाधीशाच्या मागे उरतात ती केवळ निकालपत्रे. आणि निकालपत्रे वाचण्याची हौस वकिलांखेरीज दुसऱ्या कोणाला असण्याचा संभव थोडाच. म्हणूनच मोठमोठ्या न्यायाधीशांची नावे त्यांच्या पश्चात लवकरच सामान्य माणसाच्या स्मृतीतून पुसली जातात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांच्याही वाट्याला काही अंशी हेच आले. तथापि १८३० पासून १८६० पर्यंत, पूर्ण तीस वर्षे, या पुरुषाने त्या पदावर बसून जे निर्णय दिले, त्यांतील कित्येकांनी एका देशाच्या कायद्याला वळण लावले. आणि काहींनी त्यांच्या स्वतःच्या कीर्तीवर असा डाग ठेवला, की तो शंभर-दीडशे वर्षांनंतरही पुसला गेलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून, एकाच प्रामाणिक बुद्धीने घडल्या, हेच या चरित्राचे मर्म होय.

अमेरिकेची न्यायव्यवस्था दुहेरी आहे. संघराज्याची न्यायालये वेगळी आणि प्रत्येक घटक राज्याची न्यायालये वेगळी. एकोणिसाव्या शतकात सामान्य नागरिकाचे बहुतेक सारे व्यवहार, म्हणजे करारमदार, मालमत्ता, अपघात, चोरी, खून, शाळा आणि रस्ते, राज्याच्या न्यायालयांच्याच कक्षेत येत. कायदेमंडळांनी केलेले कायदे थोडे होते. इंग्लंडहून वारशाने आलेला आणि पूर्वीच्या निकालांतून घडत गेलेला सामान्य कायदा हाच मुख्य आधार होता. अशा काळी राज्याचा सरन्यायाधीश हा एका अर्थी कायदा सांगणारा तसाच कायदा घडविणाराही असे.

शॉ यांचा जन्म ९ जानेवारी १७८१ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील बार्न्स्टेबल या गावी झाला. वडील ओक्स शॉ हे तेथील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घरची स्थिती बेताचीच. परंतु विद्येची प्रतिष्ठा मोठी. १८०० साली हार्वर्डमधून पदवी घेऊन शॉ यांनी काही काळ बोस्टनमध्ये शिक्षकाचे काम केले, वृत्तपत्रातही थोडी उमेदवारी केली आणि कायद्याचा अभ्यास पुरा करून १८०४ मध्ये सनद मिळविली. पुढील सव्वीस वर्षे त्यांनी बोस्टनमध्ये वकिली केली. हे दिपवून टाकणारे वक्ते नव्हते. मुद्द्याला मुद्दा जोडीत, सावकाश परंतु पक्क्या पायावर इमारत उभी करणारे असे ते वकील होते. १८२२ साली बोस्टनला शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या शहराच्या सनदेचा मसुदा त्यांच्याच लेखणीतून उतरला.

१८३० मध्ये सरन्यायाधीश आयझॅक पार्कर यांचा मृत्यू झाला आणि गव्हर्नर लेव्ही लिंकन यांनी ती जागा शॉ यांना देऊ केली. चालती वकिली सोडून तिच्या मानाने पुष्कळच कमी वेतनाचे पद स्वीकारण्यास शॉ प्रथम नाखूष होते. सुप्रसिद्ध वक्ते डॅनियल वेब्स्टर यांनी त्यांचे मन वळविले. त्या वेळी शॉ यांचे वय एकोणपन्नास होते. पुढील तीस वर्षांत त्यांनी सुमारे दोन हजार दोनशे निकालपत्रे लिहिली.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८३५ साली बोस्टन आणि वुस्टर या शहरांमध्ये आगगाडी सुरू झाली. लोवेल येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यातला कारागीर मजूर बनला, दुकानदाराचा कारखानदार झाला. जुन्या इंग्लिश कायद्याने न पाहिलेले प्रश्न दररोज न्यायालयाच्या दारी येऊ लागले. मार्च १८४२ मध्ये शॉ यांच्या न्यायालयाने दिलेले दोन निकाल या दृष्टीने एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला खटला बोस्टनच्या बूट बनविणाऱ्या कारागिरांच्या संघाचा. संघाचा सभासद नसलेल्या माणसाला जो मालक कामावर ठेवील त्याच्याकडे काम करावयाचे नाही, असा या कारागिरांचा नियम होता. सरकारने त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवला आणि खालच्या न्यायालयात ज्यूरीने जॉन हंट व त्यांचे सहकारी यांना दोषी ठरविले. कारागिरांची बाजू रॉबर्ट रँटूल या वकिलांनी मांडली होती. वरिष्ठ न्यायालयात शॉ यांनी हा निर्णय रद्द केला. त्यांचे म्हणणे असे : अनेकांनी एकत्र येणे हा स्वतः गुन्हा नव्हे. त्यांचा हेतू गुन्हेगारी असला किंवा त्यासाठी योजलेली साधने गुन्हेगारी असली, तरच तो कट होय. यासाठी त्यांनी एक साधा दाखला दिला. एखाद्या गावातला एकुलता एक पाववाला फार महाग पाव विकीत असेल आणि गावकऱ्यांनी मिळून त्याला बजावले, की दर कमी कर, नाहीतर आम्ही दुसरा पाववाला आणू. तर त्या पाववाल्याचे नुकसान होईल खरे, पण गावकऱ्यांना कोणी गुन्हेगार म्हणेल काय? या निकालाने अमेरिकेत कामगार संघटनेच्या कायदेशीरपणाला पहिला भक्कम आधार मिळाला. हिंदुस्थानात कामगार संघांच्या पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना कटाच्या आरोपापासून संरक्षण देणारी तरतूद १९२६ सालच्या ट्रेड युनियन कायद्याने आली, हे ध्यानात घेतले म्हणजे शॉ यांच्या दूरदृष्टीची कल्पना येईल.

दुसरा खटला निकोलस फारवेल या एंजिन-ड्रायव्हरचा. बोस्टन-वुस्टर रेल्वेवर तो दोन डॉलर रोजाने काम करीत असे. कंपनीच्याच एका सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेवल्यामुळे गाडी रुळांवरून घसरली आणि फारवेलचा उजवा हात चिरडला गेला. त्याने कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. एखाद्या उतारूचा हात असा गेला असता तर कंपनीला भरपाई द्यावी लागली असती. परंतु फारवेल हा नोकर होता. शॉ यांनी निर्णय दिला, की धोक्याचे काम पत्करणारा माणूस त्या धोक्याचा मोबदला अधिक मजुरीच्या रूपाने घेतच असतो. सोबतच्या कामगाराचा निष्काळजीपणा हाही त्याच धोक्याचा भाग. म्हणून मालक जबाबदार नाही. दावा फेटाळला गेला.

तर्काच्या दृष्टीने हा युक्तिवाद रेखीव होता. त्यात फक्त एक गोष्ट धरलेली नव्हती. एंजिनावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला मैलभर दूर असलेल्या सांधेवाल्यावर नजर ठेवता येत नाही आणि पोटासाठी नोकरी धरणारा माणूस मजुरीचा सौदा मालकाच्या बरोबरीने करू शकत नाही. या नियमाने पुढील दोन पिढ्या हातपाय गमावलेल्या हजारो कामगारांना रिकाम्या हाती घरी पाठविले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९११ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. इंग्लंडमध्येही या स्वरूपाचा नियम होता. तो तेथे १९४८ मध्ये पूर्णपणे संपुष्टात आला. हिंदुस्थानात १९३८ च्या एका कायद्याने मालकांना असा बचाव घेण्यास मनाई केली. एकाच महिन्यात एका निकालाने कामगाराला संघटनेचा हक्क मिळाला आणि दुसऱ्याने त्याच्या तुटलेल्या हाताची किंमत शून्य ठरविली. दोन्हींमागील सूत्र मात्र एकच होते : स्वतंत्र माणसांनी आपखुशीने केलेला करार कायद्याने मोडू नये.

शॉ यांच्या इतर निकालांचीही अशीच ख्याती आहे. १८५० मधील एका खटल्यात दोन कुत्री भांडत होती. एका मालकाने ती सोडविण्यासाठी काठी उगारली आणि ती मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मालकाच्या डोळ्याला लागली. इजा झाली एवढ्यावरून भरपाई मिळत नाही, इजा करणाऱ्याची कसूर सिद्ध झाली पाहिजे, हे तत्त्व शॉ यांनी त्या लहानशा प्रकरणातून स्पष्ट केले. १८५१ मध्ये बोस्टन बंदरातील एका धक्क्याचा वाद आला. जागा मालकाची असली तरी बंदराच्या ठरविलेल्या रेषेपलीकडे त्याला धक्का बांधता येणार नाही, असा निर्णय देताना त्यांनी म्हटले, की सर्व मालमत्ता एका गृहीत अटीवर धारण केलेली असते. तिचा उपयोग समाजाला अपायकारक होता कामा नये. आज नगररचनेचे आणि सार्वजनिक आरोग्याचे जे नियम सर्वत्र दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

१८५० च्या मार्चमध्ये त्यांच्यापुढे जो खुनाचा खटला चालला, त्याने सारे बोस्टन हादरले. डॉक्टर जॉर्ज पार्कमन या धनिकाचा खून केल्याचा आरोप हार्वर्डमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन वेब्स्टर यांच्यावर होता. स्वतः शॉ हार्वर्डच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. आरोपी त्यांच्याच वर्तुळातला होता. पुरावा सारा परिस्थितिजन्य. शॉ यांनी ज्यूरीला केलेल्या उपदेशात वाजवी संशय म्हणजे काय, याची फोड केली : जगात कशाविषयीही काल्पनिक संशय घेता येतो, तो हा नव्हे. सर्व पुरावा तोलून पाहिल्यावरही आरोप खरा असल्याची पक्की खात्री मनाला देता येत नसेल, तर तो वाजवी संशय. प्राध्यापकांना फाशीची शिक्षा झाली. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या हातून पार्कमन यांचा प्राण गेल्याचे कबूल केले. शॉ यांची ती व्याख्या मात्र पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या राज्यातील ज्यूरींना सांगितली जात होती.

परंतु शॉ यांची खरी कसोटी लागली ती गुलामगिरीच्या प्रश्नावर. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८० ची राज्यघटना आणि त्यानंतरचे न्यायालयीन निर्णय यांमुळे गुलामगिरी नष्ट झाली होती. दक्षिणेकडील राज्यांत ती कायद्याने चालू होती. शॉ यांचे स्वतःचे मत कोणापासून लपलेले नव्हते. १८२० साली, न्यायाधीश होण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी एका नियतकालिकात लेख लिहून गुलामगिरीचा निषेध केला होता.

१८३६ मध्ये मेड नावाची सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्यापुढे आली. न्यू ऑर्लिन्सहून माहेरी, बोस्टनला, आलेल्या एका स्त्रीने तिला गुलाम म्हणून सोबत आणले होते. गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या संस्थेने हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. शॉ यांनी निर्णय दिला : गुलामगिरी ही निसर्गदत्त हक्काच्या विरुद्ध असून, ती केवळ स्थानिक कायद्याच्या बळावर उभी असते, तो कायदा मॅसॅच्युसेट्सच्या भूमीवर चालत नाही, म्हणून मालकाने आपखुशीने येथे आणलेला गुलाम स्वतंत्र होतो. मेड मुक्त झाली. हा निर्णय उत्तरेतील इतर राज्यांनीही उचलून धरला.

त्याच निकालात मात्र शॉ यांनी एक मर्यादा घालून ठेवली होती. मालकाने आणलेला गुलाम वेगळा आणि मालकापासून पळून आलेला गुलाम वेगळा. फरारी गुलाम परत केला पाहिजे, असे कलम संघराज्याच्या घटनेतच होते. ते कलम नसते तर दक्षिणेकडील राज्ये संघात आलीच नसती, असे शॉ यांचे म्हणणे. आणि ज्या कराराने संघ जन्मला तो पाळण्याची शपथ न्यायाधीशाने घेतलेली असते. १८४२ मध्ये जॉर्ज लॅटिमर या फरारी गुलामाला सोडण्यास त्यांनी नकार दिला. लोकक्षोभ उसळला. लॅटिमरचे स्वातंत्र्य शेवटी पैसे देऊन विकत घ्यावे लागले, आणि १८४३ मध्ये राज्याने कायदा करून आपल्या अधिकाऱ्यांना व तुरुंगांना अशा कामापासून दूर ठेवले.

१८५० मध्ये संघराज्याने फरारी गुलामांविषयी अधिक कडक कायदा केला. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे, ज्यूरी नसे. त्याला परत पाठविले तर सुनावणी करणाऱ्या अधिकाऱ्यास दहा डॉलर मिळत, सोडून दिले तर पाच. एप्रिल १८५१ मध्ये थॉमस सिम्स हा जॉर्जियातून पळून आलेला तरुण बोस्टनमध्ये पकडला गेला. राज्याचे तुरुंग बंद असल्यामुळे त्याला न्यायालयाच्या इमारतीतच कोंडण्यात आले, आणि जमावाच्या भीतीने त्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या ताणण्यात आल्या. त्या सकाळी सत्तर वर्षांच्या सरन्यायाधीशाला स्वतःच्या न्यायालयात प्रवेश करण्यासाठी साखळीखालून वाकून जावे लागले. हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. शॉ यांनी तो कायदा घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. काही दिवसांनी भल्या पहाटे, शेकडो पोलिसांच्या कड्यात, सिम्सला जहाजावर चढविण्यात आले. सॅव्हाना येथे त्याला चारचौघांत फटके मारण्यात आले. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६३ साली, तो निसटून पुन्हा बोस्टनला आला.

याच सुमारास सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचा खटला उभा राहिला. घरापासून नऊशे फुटांवर शाळा असताना, गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून तिला एकवीसशे फुटांवरील कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. तिचे वडील मुद्रक होते. त्यांनी बोस्टन शहरावर दावा लावला. १८४९ मध्ये तिच्या बाजूने चार्ल्स समनर उभे राहिले; त्यांच्या जोडीला रॉबर्ट मॉरिस हे कृष्णवर्णीय वकील होते. कायद्यापुढे सर्व समान, हा समनर यांच्या भाषणाचा गाभा. शॉ यांनी ते तत्त्व मान्य केले. परंतु समान म्हणजे एकत्रच असे नव्हे, शाळांची व्यवस्था कशी असावी हे शिक्षण समितीने ठरवावे, आणि समाजातील पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही व बहुधा कायद्याने नष्टही होणार नाही, असे म्हणून त्यांनी दावा फेटाळला.

राज्याच्या कायदेमंडळाने अवघ्या काही वर्षांत, १८५५ मध्ये, शाळांतील हा भेद बंद केला. पण शॉ यांचा निकाल कायद्याच्या ग्रंथांत राहिला. १८९६ साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीच्या डब्यांतील वर्णभेदाला मान्यता देताना तो आधारासाठी घेतला. १९५४ मध्ये त्याच न्यायालयाने शाळांतील वर्णभेद अवैध ठरविला, तेव्हा या साऱ्या सिद्धांताचा उगम म्हणून पुन्हा शॉ यांच्याच निकालाकडे बोट दाखविण्यात आले. एका मुलीच्या रोजच्या पायपिटीचा निकाल शंभर वर्षे एका राष्ट्राच्या वाटेत उभा राहिला.

अशा माणसाचे मूल्यमापन कसे करावे? ते भ्रष्ट नव्हते, भित्रे नव्हते, लोकप्रियतेचे भुकेले तर मुळीच नव्हते. पुढे न्यायमूर्ती होम्स यांच्यासारख्या चिकित्सक विद्वानाने १८८१ मध्ये, सर्व कायद्यांच्या मुळाशी असलेल्या लोकहिताची जाण शॉ यांच्याइतकी फार थोड्यांना होती, असा त्यांचा गौरव केला आहे. शॉ यांनी व्यक्तिगत करुणेपेक्षा घेतलेली शपथ श्रेष्ठ मानली. न्यायाधीशाने आपल्या मनाला न पटणारा कायदा मोडावयास सुरुवात केली, तर उद्या दुसरा न्यायाधीश चांगला कायदाही मोडील, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु सिम्सच्या प्रकरणात कायद्याने त्यांच्यापुढे भिंत उभी केली होती, असे मानले तरी रॉबर्ट्सच्या प्रकरणात ती नव्हती. शाळांतील भेद कोणत्याही घटनेने त्यांच्यावर लादला नव्हता. तेथे निवड त्यांच्या हाती होती, आणि त्यांनी जे चालत आले तेच चालू ठेवणे पसंत केले. टीकाकारांनी बोट ठेवावे ते येथे.

त्यांच्या घराण्याशी वाङ्मयाचाही एक धागा जुळलेला आहे. ‘मोबी डिक’ या कादंबरीचे कर्ते हर्मन मेल्व्हिल हे त्यांचे जावई. तरुणपणी शॉ यांचा विवाह मेल्व्हिल यांच्या आत्याशी ठरला होता. तिच्या अकाली मृत्यूने तो योग हुकला, पण स्नेह टिकला. मेल्व्हिल यांनी १८४६ मधील आपले पहिले पुस्तक शॉ यांना अर्पण केले, पुढच्या वर्षी त्यांच्या एलिझाबेथ या कन्येशी विवाह केला, आणि संसारात पैशाची ओढाताण झाली तेव्हा या सासऱ्यानेच वेळोवेळी हात दिला. मेल्व्हिल यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, त्यांची ‘बिली बड’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. मनाने निरपराध वाटणाऱ्या खलाशाला कायद्याखातर फाशी देणारा एक कप्तान तिच्यात आहे. त्या कप्तानाच्या चित्रामागे शॉ यांची छाया असावी, असे मत रॉबर्ट कव्हर या कायदेपंडिताने १९७५ मध्ये मांडले. ते खरे असो वा नसो. कर्तव्य आणि सद्सद्विवेक यांच्या झगड्याचे जिवंत उदाहरण त्या लेखकाच्या घरातच वावरत होते, यात शंका नाही.

ऑगस्ट १८६० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षात असताना, शॉ यांनी पदाचा राजीनामा दिला. संघराज्य तेव्हा दुभंगण्याच्या बेतात होते. ते टिकावे म्हणून, राज्याने फरारी गुलामांच्या संरक्षणासाठी केलेले कायदे रद्द करावेत, अशा आशयाच्या जाहीर आवाहनावर त्यांनी त्या हिवाळ्यात सही केली. ३० मार्च १८६१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेराच दिवसांनी, १२ एप्रिल रोजी, यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली. ज्या संघासाठी त्यांनी सिम्सला परत पाठविले, तो संघ गुलामगिरीशी केलेल्या त्या तडजोडीवर टिकला नाही; चार वर्षांच्या रक्तपातानंतर ती तडजोड मोडूनच तो टिकला.

शॉ यांच्या निकालपत्रांतील पुष्कळसा भाग आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो, आणि तो अभ्यासण्याजोगा आहे. त्याबरोबरच साखळीखालून वाकून जाणारा तो वृद्ध न्यायाधीशही त्यांनी डोळ्यांसमोर ठेवावा. कायदा जाणणाऱ्याला आणि प्रामाणिकपणे पाळणाऱ्यालाही त्याच्या आज्ञेची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न चुकत नाही. मेड, फारवेल, सिम्स आणि सारा रॉबर्ट्स यांनी ती किंमत आपापल्या आयुष्यात जाणली होती.